युनमोईचा तिरकोन

"आये, त्यो कागद कुटं हाय?"

"जाळला."

"कंचा जाळला?"

"तू इचारतुयास त्योच."

सिनफुकनं कानाचा फोन खाली घेतला. पलीकडून काओशुंग शहरातल्या दुकानवाल्या बाई अजून बोलतच होत्या. त्यांचा बारीक आवाज शेडमध्ये डासासारखा गुणगुणत राहिला. त्यानं फोनवर तळवा दाबला आणि आईकडं बघितलं.

"आये, चेष्टा नगं करूस. बाई मोटारीत बसल्यात. दुपारपतूर हितं येत्यात. कुटं ठिवलास ते सांग."

"देवळामागच्या भट्टीत ठिवला. फुंगकाकानं सवताच्या हातानं काडी लावली. राख बघायची आसंल तर जा. पर हात धुवून जा, तितं कुनी चिखलाच्या हातानं जात न्हाई."

हे बोलताना युनमोईचे हात थांबले नव्हते. रानकमळ ही तलावात पिकणारी भाजी, खायचा तो तिचा देठ. तो शेवयीपेक्षा थोडा जाड असतो आणि उभ्या माणसापेक्षा लांब. मूठभर देठ एकत्र घ्यायचे, वेणी घातल्यासारखे गोल वळवायचे, शेपूट आत खोचायचं, की झाली जुडी. तिची एक जुडी होईपर्यंत दुसऱ्या बायकांचं शेपूट हातातच असतं. शेजारच्या हौदात देठ धूत उभ्या राहिलेल्या सिउचूनं ते सगळं ऐकलं, आणि पाण्याचा आवाज होऊ नये म्हणून नळ अर्धा बंद केला.

आमच्या थोंगमी गावात लिहिलेला कागद पायाखाली येऊ देत नाहीत. मग तो औषधाच्या बाटलीचा असो, लग्नाच्या निमंत्रणाचा असो, नाहीतर विजेच्या बिलाचा फाटका कोपरा असो. म्हातारा फुंगकाका खांद्यावर आडवी काठी, काठीला दोन बांबूच्या टोपल्या अशा थाटात घरोघर फिरतो आणि असले कागद उचलून आणतो. देवळामागं तीन मजली विटांची भट्टी आहे. तिच्यात अक्षरांशिवाय काही जळत नाही. राख मडक्यात साठते आणि नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात सनईच्या सुरात नदीला जाते. तेव्हा भट्टीत गेलेला कागद म्हणजे मान राखलेला कागद. त्याबद्दल कुणी कुणाला बोल लावत नाही. सिनफुकचा जीव तिथंच अडकला होता. आईनं कागद चुलीत घातला असता तर त्याला चार शब्द बोलता आले असते.

हा कागद काय होता ते सांगायचं तर मागं जावं लागतं.

युनमोई सहावी पास झाली आणि बापानं तिची शाळा सोडवली. बाप वाईट नव्हता. त्यानं तिला जवळ बसवून समजावलं, "पोरीच्या शिकन्याचा उपेग काय? तू परक्याच्या घरी जानार. शिकलीस तरी भात त्येवड्याच पान्यात शिजनार, न शिकलीस तरी त्येवड्याच." त्या वेळी गावात तंबाखू होता. ती दुसऱ्या दिवसापासून तंबाखूच्या भट्टीघरात पानं ओवायला लागली. शाळेत राहिला तो तिचा थोरला भाऊ. त्याला तिथं झोप चांगली लागायची.

लग्न होऊन आली तर सासूनं तिला एकदा कणगीमागं जुनं वर्तमानपत्र वाचताना पकडलं. सासू म्हणाली, "वाचून झालं की सांग गं, मंग तुला भूक लागती का बघू." युनमोईनं पेपर घडी घालून फुंगकाकाच्या टोपलीत टाकला. पुढं तंबाखू बंद झाला, शेतांचे तलाव झाले, तलावात रानकमळ आलं. पोरं झाली, मोठी झाली, शहराला गेली. नवरा एका पावसाळ्यात खोकून खोकून गेला. एवढ्या साऱ्या काळात तिला कुणी शिकण्याबद्दल विचारलं नाही आणि तीही त्या वाटेला गेली नाही.

मग फुंगकाकाचा गुडघा धरला. वाटेत भेटला तेव्हा युनमोईनं त्याची काठी आपल्या खांद्यावर घेतली. कुणाच्या तरी पोरानं परीक्षा संपल्यावर टाकलेलं भूमितीचं पुस्तक त्या टोपलीत वरच पडलं होतं. वाऱ्यानं पान उलटलं. त्या पानावर एक त्रिकोण होता. प्रत्येक कोपऱ्यातून एक रेघ निघून समोरच्या बाजूच्या बरोबर मधोमध गेलेली, आणि तिन्ही रेघा आत एकाच ठिपक्यात भेटलेल्या.

"काका, ह्या तिगी एकाच जागी कशा काय भेटल्या?"

"मला काय ठावं. मी निस्ता जाळतू."

"दोगी भेटतील, ते समजतं. दोन वाटा कुटंतरी एकमेकीस आडव्या जानारच. पर तिसरीनं तितंच का यावं? तिला कुनी सांगावा धाडला हुता का?"

फुंगकाकानं खांदे उडवले. तिनं पुस्तक उचललं आणि तशीच देवळाच्या ओसरीवर गेली. तिथं फाम मास्तर रोज सकाळी बुद्धिबळाचा पट मांडून बसलेले असायचे. मास्तरांनी हयातभर मोठ्या शाळेत गणित शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर गावात कुणाशी धड बोलत नव्हते. तिनं प्रश्न विचारला. मास्तरांनी हातातला घोडा पटावर ठेवला.

"कुनाच्या पोराचा अभ्यास हाय ह्यो?"

"कुनाचा न्हाई. माझाच."

"परीक्षा?"

"न्हाई."

"मग कशाला पायजे?"

"तिसरी का येती ते पायजे."

मास्तरांनी पुस्तकातल्या त्रिकोणावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "काढून बघ. मोजून बघ."

तिनं मोजलं. लांबट त्रिकोण, बुटका त्रिकोण, झोपलेला त्रिकोण. कधी औषधाच्या खोक्याच्या पाठीवर, कधी कोळशानं हौदाच्या काठावर. दर वेळी तिसरी रेघ यायची, कधी केसभर इकडं, कधी केसभर तिकडं. तिनं मास्तरांना सांगितलं, "येती." मास्तर म्हणाले, "केसभर चुकली का?" ती म्हणाली, "व्हय, माझा हात थरथरतो." तर मास्तर म्हणाले, "तुझा हात थरथरतो का रेघच चुकती, हे तुला कुठं म्हाईत हाय? मोजनं म्हंजे कळनं न्हवं. जा, परत बस." आणि तिला हाकलून दिलं.

गावाला हसायला चांगलं निमित्त मिळालं. शेवयांच्या दुकानात ती आली की कुणीतरी विचारायचं, "काय युनमोई, तिरकोनात किती मासं घावलं?" सिउचू तर तलावात तिच्या शेजारीच छातीभर पाण्यात उभी असायची. ती म्हणायची, "आगं, रांडमुंड बायका म्हातारपनी येकतर देवाला लागत्यात न्हाईतर पत्त्याला. तुला ह्यो कसला रोग लागला? ह्येच्यात पैसा न्हाई, पुन्य बी न्हाई."

"न्हाई तर न्हाई."

"मंग काय हाय?"

"तिसरी रेघ हाय."

सिउचू बाकीच्या बायकांकडं बघून डोळा मारायची. पण पुढच्या वेळेला पुन्हा विचारायची, "आली का गं तुझी तिसरी?" जणू युनमोईची कुणी पाव्हणी यायची राहिली होती.

ती आली तलावातच. भर थंडीत, पाणी आत न शिरणाऱ्या रबरी झग्यात, पाणी काखेपर्यंत. पलीकडच्या बांधावर दोन भाऊ बापाच्या जमिनीच्या वाटणीवरून भांडत होते. युनमोईचे कान तिकडं आणि हात चिखलात. तिच्या मनात आलं, आपला त्रिकोण म्हणजे पण एक शेतच की. पहिल्या दोन रेघा भेटतात त्या ठिपक्यापासून तिन्ही कोपऱ्यांना बांध घातले तर शेताचे तीन तुकडे होतात: डावा, उजवा आणि खालचा. पहिली रेघ मधोमध गेली म्हणून डावा आणि उजवा सारखा. दुसरी मधोमध गेली म्हणून डावा आणि खालचा सारखा. मग उजवा आणि खालचा सारखा व्हायला कुणाच्या बापाची परवानगी लागते? आणि ते दोघं सारखे असले, तर तिसऱ्या कोपऱ्यातून ठिपक्यातनं जाणारी रेघ समोरच्या बाजूच्या बरोबर मधोमध पडल्यावाचून राहीलच कशी? तिला सांगावा कुणी धाडला नव्हता. तिला दुसरीकडं जायला जागाच नव्हती.

ती पाण्यात उभी राहून हसली. सिउचूला वाटलं, हिला हुडहुडी भरली.

मग कागदावर मांडायला तिला उरलेला अख्खा हिवाळा लागला. मनात आलेलं आणि लिहून काढलेलं यांत गाव आणि नदीएवढं अंतर असतं. शेवटी तिनं एक पान मास्तरांपुढं ठेवलं. मास्तरांनी चष्मा लावला, बोट फिरवत वाचलं, एका ठिकाणी थांबले, मागं गेले, पुन्हा पुढं आले.

"बरोबर हाय," ते म्हणाले. आणि मग, त्यांचा स्वभावच तसा, "जगाला हे दोन हजार वर्सं ठाऊक हाय."

"मला न्हवतं."

"ह्येच्याहून नीटस मांडनी हाय पुस्तकात."

"आसंल. मी ह्या वाटंनं आले."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "मी जलमभर पोरांना एकच सांगत आलो," ते पटाकडं बघत म्हणाले, "शिका, म्हंजे चिखलातनं सुटाल. आन तू चिखलात हुबी ऱ्हाऊन शिकतीस, सुटायचं नाव घेत न्हाईस. मी कुनाला काय शिकवलं म्हनायचं?" ते युनमोईला विचारत नव्हते, म्हणून तिनं आपलं पान उचललं.

तो कागद तिनं घरी चुलीच्या वर भिंतीला चिकटवला. भात शिजेपर्यंत ती त्याच्याकडं बघायची. एवढंच.

सिनफुक शहरातली नोकरी सोडून परत आला होता. पोरगा कष्टाळू. त्याचं म्हणणं असं, की आमचा माल शहरात बिननावाचा विकला जातो, त्याला नाव पाहिजे, चेहरा पाहिजे, गोष्ट पाहिजे. एक दिवस त्याची नजर चुलीवरच्या कागदावर गेली. त्यानं फोटो काढला, काओशुंगच्या एका मोठ्या दुकानाला पाठवला, आणि तिकडून उत्तर आलं, की हे हवं आहे. मग त्यानं पाकिटाचा नमुना छापून आणला आणि जेवताना आईच्या पुढ्यात ठेवला. पाकिटावर रबरी झग्यातली युनमोई हसत होती, तिच्या डोक्यामागं तिचा त्रिकोण सूर्यासारखा उगवला होता, आणि खाली लिहिलं होतं: 'तिरकोनवाली आजी. रानकमळ खा, डोकं तल्लख ठेवा.'

"मी कुटं लई खाते रानकमळ?" युनमोई म्हणाली. "जलमभर वास घेऊन शिसारी आलीया."

"ते कोन बघतंय? आये, ऐक. गाव तुझ्या शिकन्याला बिनकामाचं म्हनत हुतं ना? बघ, म्या त्येला कामाला लावलं. आता हसंल का कोन?"

पोरगं प्रेमानं बोललं होतं. मुलानं आईसाठी काही केलं की त्याच्या तोंडावर जी चमक येते, ती त्याच्या तोंडावर होती. युनमोईनं पाकीट उलटसुलट केलं आणि खाली ठेवलं. त्या दिवशी ती भात अर्धा टाकून उठली. सिनफुकला वाटलं, आईचं मन भरून आलं.

सकाळी तिनं भिंतीवरचा कागद सोडवला, हात धुतले आणि देवळामागं गेली. फुंगकाका टोपल्या रिकाम्या करत होता. त्यानं कागद घेऊन आधी दोन्ही बाजू बघितल्या. त्याची रीतच होती तशी, कुणाचं काही चुकून येऊ नये म्हणून.

"ह्यो तुझा तिरकोन न्हवं का?"

"माझाच."

"चुकून आनलास?"

"न्हाई."

"वाचून झालं?"

"पाठ झालं."

"मंग दे," फुंगकाका म्हणाला, आणि भट्टीच्या तोंडाशी वाकला.

तर आता शेडमध्ये सिनफुक उभा होता आणि बाई मोटारीत बसल्या होत्या.

"का पर?" तो म्हणाला. "एक कागद मागितला, आये. तुझी जमीन मागितली न्हाई. एक कागद."

युनमोईनं जुडी खाली ठेवली. आता मात्र हात थांबले.

"माझ्या बापानं सांगितलं, उपेग न्हाई. मी रडले. तुझी आजी म्हनली, ह्यानं भूक लागती का बघू. मी गप बसले. गाव हसलं, मी बी हसले. ह्या सगळ्यांनी मला बरं ठिवलं, सिनफुक. त्यांनी माझं शिकनं माझंच ऱ्हाऊ दिलं. तू आलास आन म्हनलास, उपेग हाय. लुटलं आसंल मला, तर त्ये तू."

"लुटलं? म्या?"

"हे हात बघ. तंबाखूच्या कामाला हुते, आता चिखलाच्या कामाला हाईत. पाय कामाला, पाठ कामाला. ज्या छातीवर तू वाढलास ती बी कामालाच हुती. आख्ख्या अंगात माझं म्हनून एक बोटभर बिनकामाचं सापडलं, तवर तू हातुडा घेऊन पाटी ठोकाया आलास."

सिउचूनं नळ पुरता बंद केला होता. आता तिला तो चालू करायचीही चोरी झाली.

बाई आल्या त्या उन्हं डोक्यावर यायच्या आत. पांढरे बूट, चांगल्या बोलण्यातल्या, माणूस वाईट नव्हे. शेडच्या दारात चिखल बघून क्षणभर थबकल्या, मग तशाच आत आल्या. सिनफुकनं मान खाली घालून त्यांना काय झालं ते सांगितलं. बाई हसल्या.

"अहो, त्यात काय. आजी, तुम्ही दुसरा लिहून द्या ना. तुम्हाला तर पाच मिनिटांचं काम."

"पाच मिन्टं बी लागायची न्हाईत, बाई. लिवते की. आन मंग फुंगकाकाला देते."

बाईंनी सिनफुककडं बघितलं. त्यानं तलावाकडं बघितलं.

"बरं, कागद राहू द्या," बाई म्हणाल्या. "गोष्ट तर आहे ना. तुम्ही शिकलात, या वयात. त्यानं तुम्हाला काय मिळालं, ते दोन ओळीत सांगा. आम्ही पाकिटावर छापू. म्हणजे विसरभोळेपणा कमी होतो, असं डॉक्टरसुद्धा सांगतात."

"काल भाजीत मीठ घालायचं इसरले."

"आत्मविश्वास वाढला असेल?"

"त्यो आदीपास्नंच लई हुता," हौदामागून सिउचू म्हणाली.

"मग काहीतरी मिळालंच असेल की. उगाच कोण करतं?"

"मी केलं," युनमोई म्हणाली. "उगाच. तसंच छापा, बाई. 'हिला काय बी मिळालं न्हाई.'"

"असं छापलं तर कोण घेईल हो?"

"मी तर घेनार न्हाई," सिउचू म्हणाली, "मला फुकट मिळतंय."

बाई मनापासून हसल्या. मग त्यांचा चेहरा पुन्हा कामाचा झाला. त्या सिनफुकशी बाजूला बोलल्या. माल चांगला आहे, पण चांगला माल सगळेच देतात. गोष्ट नसेल तर दुकानातली पुढची फळी देता येणार नाही, मागं साध्या भाजीच्या फळीवर थोडासा घेऊ. जाताना त्यांनी चार जुड्या घरी खायला म्हणून घेतल्या आणि आलं घालून परतायच्या की नुसत्या, ते युनमोईला विचारलं. युनमोईनं नीट सांगितलं, तेल कडकडीत तापू द्या, पानी सुटायच्या आत काढा. सिनफुक त्यांना मोठ्या रस्त्यापर्यंत सोडायला गेला.

परत आला तेव्हा दारातच बूट काढत म्हणाला, "ग्येलं सगळं. शेडचं पत्रं बदलायचं म्हनत हुतो."

"वंगाळ झालं."

"तुला वंगाळ वाटत तर न्हाई."

"वाटतंय. मालाचं वाटतंय, पत्र्याचं वाटतंय. कागदाचं न्हाई." तिनं त्याच्या अंगावरचा चिखल नखानं काढला, लहानपणी काढायची तसा. त्यानं तिचा हात झटकला नाही, पण जवळही आला नाही. "माझं थोबाड छाप की. रबरी झगा छाप. त्ये माझं काम हाय, त्येच्यावर तुझा हक हाय. मी कवा न्हाई म्हनले? तिरकोन तेवढा सोड."

"निस्तं थोबाड कोन घेतंय, आये? थोंगमीत थोबाडं काय थोडी हाईत?"

"मंग पत्रं गळू दे."

तो वळला आणि टेम्पोच्या चाकाला उगाच दोन लाथा घालून आला. त्या दिवसानंतर बरेच दिवस तो आईशी मोजकंच बोलला, आणि तिनंही त्याला गोड बोलून वळवायचा प्रयत्न केला नाही. गावात दोन तट पडले. निम्मे म्हणाले, म्हातारीनं पोराच्या पोटावर पाय दिला. निम्मे म्हणाले, म्हातारी मूळचीच तिरकी. अक्षरभट्टीला नावं ठेवायला मात्र कुणी धजलं नाही. फाम मास्तरांच्या कानावर गेलं तेव्हा ते पटावरचा हत्ती सरकवत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "शेवटची ओळ पाठ हाय ना?" आणि 'हाय' म्हटल्यावर, "उद्या लवकर ये. वर्तुळ राह्यलंय."

पण ते सगळं पुढचं. त्या दुपारी संध्याकाळच्या गाडीसाठी अर्धा माल अजून पाण्यातच होता. सिउचूनं रबरी झगा तिच्या अंगावर फेकला.

"चल, बिनकामाचे. गाडी थांबायची न्हाई."

"तुझा झगा खांद्यावर फाटलाय."

"फाटू दे. आगं, पर खरंच सांग, काय मिळालं तुला?"

"काय न्हाई म्हनून सांगितलं की बाईंना."

"बाईंना सांगितलंस. मला सांग."

युनमोईनं झग्याचे पट्टे खांद्यावर ओढले आणि काठावरून उतरली. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला आलं. बांधावरून सिनफुकनं तरंगती टोपली तिच्या दिशेनं ढकलली. तिनं ती कोपरानं अडवली, हात तळाशी घातला, चिखलात मूळ चाचपलं आणि देठ ओढला.